विमानाचे चाक बिघडले की बाकीच्या सुरक्षा यंत्रणांचे काय होते?

६ मे २०२१ रोजी नागपूर विमानतळावरून एक एअर अॅम्ब्युलन्स हैदराबादकडे निघाली. बीचक्राफ्ट सी-९० जातीच्या त्या छोट्या विमानात रुग्णासह पाच जण होते. उड्डाण होतानाच विमानाचे एक चाक निखळले. विमान मुंबईकडे वळवण्यात आले. मुंबईच्या धावपट्टीवर अग्निशमन दलाने फेस पसरला आणि रात्री नऊच्या सुमारास कॅप्टन केसरी सिंग यांनी विमान चाकांवर न उतरवता थेट पोटावर उतरवले. पाचही जण सुखरूप बाहेर आले.

१२ सप्टेंबर २०२५ रोजी कांडल्याहून मुंबईला निघालेल्या स्पाइसजेटच्या क्यू-४०० विमानाचेही एक चाक उड्डाणानंतर कांडल्याच्या धावपट्टीवर सापडले. विमानात ७५ प्रवासी होते. मुंबईत पूर्ण आणीबाणी जाहीर झाली, मात्र हे विमान आपल्या चाकांवरच नीट उतरले.

दोन्हीकडे एकच चाक गेले, तरी उतरण्याची पद्धत अगदी वेगळी होती. सी-९० च्या प्रत्येक पायाला एकच चाक असते. ते गेले की तो पाय निकामी होतो. क्यू-४०० च्या प्रत्येक पायाला दोन चाके असतात, त्यामुळे एक गेले तरी दुसरे भार घेऊ शकते. पण चाकांचा प्रश्न चाकांपुरता मर्यादित नसतो. ब्रेक, इंजिनाचा उलटा जोर, केबिनमधील हवेचा दाब, धोक्याचे इशारे, इंधनाचा हिशेब अशा अनेक गोष्टी लँडिंग गिअरशी जोडलेल्या असतात. तो बिघडला की त्यांचे काय होते, हे या लेखात पाहू.

लँडिंग गिअरमध्ये काय काय असते?

आपण ज्याला विमानाची चाके म्हणतो, ती खरे तर एका मोठ्या यंत्रणेचे टोक असतात. बहुतेक प्रवासी विमानांना तीन पाय असतात. पंखांच्या मुळाशी दोन मुख्य पाय आणि नाकाखाली एक. प्रत्येक पायात एक जाड नळकांडे असते. त्यात तेल आणि नायट्रोजन वायू भरलेला असतो. विमान जमिनीला टेकले की हे नळकांडे दबते आणि धक्का शोषून घेते.

पाय वर-खाली करण्याचे काम हायड्रॉलिक यंत्रणा करते, म्हणजे दाबाखाली असलेले तेल. अनेक प्रवासी विमानांत हा दाब सुमारे ३,००० पीएसआय असतो. मोटारीच्या टायरमधील हवा साधारण ३० ते ३५ पीएसआय असते, यावरून त्याचा अंदाज यावा. पाय वर गेला की एक कुलूप त्याला तिथे धरून ठेवते. खाली आला की दुसरे कुलूप त्याला ताठ ठेवते. प्रत्येक कुलपाजवळ सेन्सर असतात. पाय खाली येऊन कुलूप लागले की कॉकपिटमध्ये हिरवा दिवा लागतो. तीन पाय, तीन हिरवे दिवे.

हायड्रॉलिक दाब गेला तरी पाय खाली यावेत यासाठी पर्यायी व्यवस्था असते. तिच्यात वरचे कुलूप उघडले जाते आणि पाय स्वतःच्या वजनाने खाली पडतो. एअरबस ए-३२० मध्ये यासाठी हाताने फिरवण्याचा दांडा असतो.

विमान हवेत आहे की जमिनीवर, हे विमानाला कसे कळते?

उत्तर लँडिंग गिअरमध्येच आहे. पायातले नळकांडे दबले म्हणजे वजन चाकांवर आले, म्हणजे विमान जमिनीवर. नळकांडे पूर्ण ताणलेले असेल तर विमान हवेत. हा छोटासा संदेश विमानातील अनेक यंत्रणा वापरतात:

- पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे उतरल्यावर उभ्या होणाऱ्या पट्ट्या. त्या पंखाची उचल मोडतात आणि वजन चाकांवर टाकतात.
- रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे वेग कमी करण्यासाठी इंजिनाचा जोर पुढच्या दिशेने वळवणे.
- आपोआप लागणारे ब्रेक.
- केबिनमधील हवेचा दाब. जमिनीवर आल्यावर झडप उघडून तो बाहेरच्या दाबाइतका केला जातो, म्हणजे दरवाजे उघडता येतात.
- विमानाची उचल संपत आल्याचा इशारा. तो जमिनीवर बंद ठेवलेला असतो.
- चाके वर घेण्याचा दांडा. जमिनीवर चुकून ओढला जाऊ नये म्हणून तो अडकवून ठेवलेला असतो.

उड्डाणानंतरही सेन्सर ‘जमिनीवर’ असाच संदेश देत राहिला, तर चाके वर घेण्याचा दांडा हलत नाही आणि केबिनमधील दाबाच्या नियंत्रणातही अडचण येऊ शकते. उलट, उतरल्यावर संदेश ‘हवेत’ असा राहिला तर विमान थांबवणारी साधने उशिरा चालू होतात.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पोलंडमधील वॉर्सा येथील आहे. १४ सप्टेंबर १९९३ रोजी लुफ्तान्साचे ए-३२० विमान पावसात तिथे उतरत होते. आडवा वारा येईल असे समजून वैमानिकांनी विमान किंचित उजवीकडे झुकवून आणले. उजवा पाय आधी टेकला आणि डावा सुमारे ९ सेकंदांनी. धावपट्टीवर पाणी असल्याने चाके नीट फिरतही नव्हती. दोन्ही पाय दबेपर्यंत किंवा चाके पुरेशा वेगाने फिरेपर्यंत संगणकाने विमान जमिनीवर आहे असे मानले नाही. त्यामुळे स्पॉयलर आणि रिव्हर्स थ्रस्ट उशिरा चालू झाले. विमान धावपट्टी संपवून पुढे मातीच्या बांधावर आदळले आणि ७० पैकी दोघांचा मृत्यू झाला. यात लँडिंग गिअरचा एकही भाग मोडला नव्हता. सगळे सेन्सर नेमून दिल्याप्रमाणेच चालले होते. तरीही पायाकडून संदेश उशिरा मिळाल्याने थांबण्याची साधने खोळंबली. हवेत असताना रिव्हर्स थ्रस्ट चुकून चालू होऊ नये, यासाठी ही अट मुळात घातलेली असते. एका धोक्यापासून वाचवणारी अट दुसऱ्या परिस्थितीत आड येऊ शकते, हे त्या अपघाताने दाखवले.

हायड्रॉलिक तेल गळले तर?

चाकांना ताकद देणारे तेल फक्त चाकांसाठी नसते. ए-३२० चे उदाहरण घ्या. या विमानात तीन स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा आहेत आणि त्यांना हिरवी, पिवळी, निळी अशी नावे आहेत. चाके हिरव्या यंत्रणेवर चालतात. नेहमीचे ब्रेक आणि एका इंजिनाचा रिव्हर्स थ्रस्टही त्याच यंत्रणेवर असतात. चाकांजवळची नळी फुटून हिरवे तेल गेले, तर चाके हाताने खाली सोडावी लागतात, आपोआप लागणारे ब्रेक मिळत नाहीत आणि एका बाजूचा रिव्हर्सही जातो. ब्रेक मात्र जात नाहीत, कारण त्यांची दुसरी वाट पिवळ्या यंत्रणेतून ठेवलेली असते. धावपट्टी जास्त लागते आणि वैमानिकांचे काम वाढते, पण विमान थांबते.

पर्यायी व्यवस्थाही हाताशी नसेल तर काय होते, हे १ नोव्हेंबर २०११ रोजी दिसले. न्यूअर्कहून वॉर्साला निघालेल्या लॉट कंपनीच्या बोइंग ७६७ मध्ये उड्डाणानंतर अर्ध्या तासात चाकांजवळची एक लवचीक नळी फुटली आणि मध्यवर्ती हायड्रॉलिक यंत्रणेचे तेल गेले. वैमानिकांना हे कळले होते. चाके खाली सोडायला विजेवर चालणारी पर्यायी व्यवस्था असल्याने त्यांनी प्रवास चालू ठेवला. वॉर्साला पोहोचल्यावर ती व्यवस्था चालली नाही. लढाऊ विमानांनी जवळ येऊन पाहणी केली, तेव्हा चाके आतच होती. अखेर कॅप्टन तादेऊश व्रोना यांनी २३१ जणांसह विमान पोटावर उतरवले. कोणालाही गंभीर इजा झाली नाही.

तपासात कळले की पर्यायी व्यवस्थेला वीज देणारे एक सर्किट ब्रेकर, म्हणजे घरातल्या एमसीबीसारखे बटण, उघडे राहिले होते. ते मजल्याजवळच्या पॅनेलवर, सहज नजरेत न येणाऱ्या जागी होते. अपघातानंतर विमान उचलून ते बटण दाबल्यावर चाके खाली आली. मुख्य व्यवस्था गेली तेव्हा दुसरी आहे असे सर्वांनी धरले होते. ती आधीच बंद होती, हे सांगणारा इशारा कोणालाही मिळाला नव्हता.

चाके वरच गेली नाहीत तर धोका आहे का?

चाके खाली असणे म्हणजे सुरक्षित, असे वाटणे साहजिक आहे. पण उडताना खाली राहिलेली चाके हवेला मोठा अडथळा करतात. वेग घटतो, उंची गाठता येत नाही आणि इंधन भराभर संपते.

२२ जुलै २०१७ रोजी कोलकात्याहून मुंबईला निघालेल्या एअर इंडियाच्या ए-३२० विमानाचे असेच झाले. विमानात ९९ प्रवासी होते. त्या वेळच्या वृत्तांनुसार उड्डाणानंतर चाके वर घ्यायचे राहून गेले. विमान २४,००० फुटांच्या वर चढेना आणि वेगही नेहमीपेक्षा खूपच कमी होता. मुंबईपर्यंत इंधन पुरणार नाही हे लक्षात आल्यावर ते नागपूरला वळवण्यात आले. उतरण्यासाठी चाके खाली घेण्याची वेळ आली, तेव्हा ती आधीपासूनच खाली असल्याचे वैमानिकांना समजले. विमान सुखरूप उतरले.

इथे सुरक्षा यंत्रणांची एक मर्यादा दिसते. उतरताना चाके खाली नसतील तर विमान मोठ्याने ओरडते. पण चढताना चाके खाली राहिली तर सहसा तसा आग्रही इशारा नसतो. हिरवे दिवे लागलेले असतात, पण हिरवा दिवा पाहून कोणाला शंका येत नाही.

संगणकावर विसंबल्याने याच प्रकारातून १२ जुलै २००० रोजी एक अपघात घडला. ग्रीसमधील क्रीट बेटावरून जर्मनीकडे निघालेल्या हापाग-लॉइडच्या ए-३१० विमानाची चाके पूर्ण वर गेली नाहीत. वैमानिकांनी चाके खाली ठेवून जवळच्या विमानतळाकडे जाण्याऐवजी बराच लांबचा पल्ला गाठायचे ठरवले. इंधन किती उरेल हे ते संगणकावर पाहत होते. पण तो संगणक चाकांमुळे होणारा जादा अडथळा हिशेबात धरतच नव्हता. व्हिएन्नाच्या धावपट्टीच्या अलीकडेच इंधन संपले, दोन्ही इंजिने बंद पडली आणि विमान धावपट्टीआधीच्या गवतावर आदळले. सुमारे १५० जणांपैकी कोणाचाही जीव गेला नाही.

बिघाड चाकात की दिव्यात?

कधी चाके ठीक असतात, पण ती ठीक असल्याचे सांगणारा दिवा बिघडतो. २९ डिसेंबर १९७२ रोजी मायामीला उतरताना ईस्टर्न एअर लाइन्सच्या विमानात नाकाच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. सगळे त्या दिव्यात गुंतले असताना ऑटोपायलटचे उंची धरून ठेवणारे कार्य सुटले आणि विमान हळूहळू खाली येऊन दलदलीत कोसळले. १०१ जणांचा मृत्यू झाला. प्रत्यक्षात फक्त बल्ब गेला होता.

२८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील पोर्टलँड येथे युनायटेडच्या डीसी-८ विमानाचा उजवा पाय गंजलेल्या भागामुळे धाडकन खाली पडला. त्या धक्क्याने दिव्याचा स्विच तुटला. पाय खाली येऊन कुलूप लागले होते, पण दिवा लागला नाही. सुमारे तासभर विमान घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून कोसळले. १८९ पैकी १० जण दगावले. या अपघातानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात मोठा बदल झाला. कॅप्टनचा शब्द अंतिम मानून गप्प बसण्यापेक्षा सहकाऱ्यांनी शंका स्पष्टपणे बोलून दाखवावी, एकाने बिघाड पाहावा आणि दुसऱ्याने फक्त विमान उडवावे, अशी शिस्त आता जगभर शिकवली जाते. तिला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात.

चाके खाली नसतील तर विमान काय इशारा देते?

चाके आत असताना विमान जमिनीजवळ आले, तर भूभाग-इशारा यंत्रणा ‘टू लो, गिअर’ असा आवाज देते. इंजिनाचा जोर कमी करून उतरण्याची तयारी दिसली आणि चाके खाली नसली, तर वेगळा भोंगा वाजतो. पडद्यावर लाल अक्षरे येतात.

पण इशारा ऐकला तरच उपयोगाचा. २२ मे २०२० रोजी कराचीत पीआयएचे ए-३२० विमान अतिवेगाने आणि जास्त उंचीवरून उतरायला आले. कॉकपिटमध्ये एकापाठोपाठ एक इशारे वाजत होते. चाके वर असतानाच विमान धावपट्टीला घासले. दोन्ही इंजिने जमिनीवर घासत गेली आणि नंतर वैमानिकांनी पुन्हा उड्डाण केले. इजा झालेली इंजिने काही मिनिटांत बंद पडली आणि विमान वस्तीवर कोसळले. विमानातील ९९ पैकी ९७ जणांचा मृत्यू झाला. अनेक इशारे एकदम वाजू लागले की त्यांतला कोणता सर्वांत महत्त्वाचा, हे ओळखणे कठीण होते. म्हणूनच उतरण्याची स्थिती ठरलेल्या उंचीवर स्थिर नसेल तर उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा फेरी मारावी, असा नियम विमान कंपन्या पाळतात.

तापलेले ब्रेक आणि फुटलेला टायर

उड्डाणानंतर चाके ज्या खणात जातात, तिथून हायड्रॉलिक नळ्या आणि विजेच्या तारा जातात. काही विमानांत इंधनाच्या वाहिन्याही जवळ असतात. त्यामुळे तापलेले चाक त्या खणात गेले तर ते अनेक यंत्रणांजवळ ठेवलेल्या निखाऱ्यासारखे ठरते.

३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकानाच्या बोइंग ७२७ विमानात असेच झाले. ब्रेक घासून तापला होता आणि टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. हवेतल्या ऑक्सिजनमुळे टायरचा आत स्फोट झाला. इंधन, वीज आणि हायड्रॉलिकच्या वाहिन्या तुटल्या, केबिनमधील दाब गेला, आग लागली. विमानातील सर्व १६७ जण मरण पावले. आज मोठ्या प्रवासी विमानांच्या टायरमध्ये नायट्रोजनच भरतात. चाकांमध्ये वितळणारे प्लगही असतात. चाक फार तापले की प्लग वितळतो आणि टायर फुटण्याऐवजी त्यातला वायू हळूहळू निघून जातो. अनेक विमानांत ब्रेकचे तापमान कॉकपिटमध्ये दिसते. ते जास्त असेल तर उड्डाण थांबवून ब्रेक थंड होऊ दिले जातात.

पोटावर उतरताना कोणत्या यंत्रणा हाताशी राहतात?

पोटावर उतरलेल्या विमानाला चाकांचे ब्रेक नसतात. चाकांवर वजन येत नसल्याने ‘जमिनीवर’ हा संदेशही नेहमीच्या वाटेने मिळत नाही. विमान घर्षणानेच थांबते. म्हणून वैमानिक इंधन शक्य तितके कमी करतात, वेग कमीत कमी ठेवतात आणि टेकल्यानंतर इंजिनाचे इंधन बंद करून आग विझवण्याची व्यवस्था वापरण्यास सज्ज राहतात.

विमान बनवतानाही या प्रसंगाचा विचार केलेला असतो. जास्त भार पडून पाय तुटलाच, तर तो इंधनाची टाकी फाडणार नाही अशा बेताने तुटावा, असा नियम आहे. पाय मोडला की विमान एका बाजूला कलते, काही दरवाजे जमिनीजवळ येतात आणि काही उंच जातात. अशा वेळीही बाहेर पडण्याच्या घसरगुंड्या वापरता आल्या पाहिजेत, हीसुद्धा अट आहे.

धावपट्टीच्या पलीकडची मोकळी जागाही तितकीच महत्त्वाची. २९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियातील मुआन येथे जेजू एअरचे बोइंग ७३७ पक्ष्यांच्या धडकेनंतर चाकांविना उतरले. ते धावपट्टीवरून घसरत पुढे गेले आणि दिशादर्शक अँटेनाच्या काँक्रीट असलेल्या बांधावर आदळले. १८१ पैकी फक्त दोघे वाचले. त्यानंतर धावपट्टीच्या टोकाजवळचे अडथळे सहज मोडणारे असावेत, या मुद्द्यावर जगभर चर्चा झाली.

विमानतळावर काय तयारी होते?

बिघाड किरकोळ असेल, सुरक्षित उतरण्यात अडथळा नसेल, तर ‘लोकल स्टँडबाय’ जाहीर होतो. अपघाताची शक्यता असेल तर ‘फुल इमर्जन्सी’ म्हणजे पूर्ण आणीबाणी. तेव्हा अग्निशमन गाड्या धावपट्टीजवळ ठरलेल्या जागी उभ्या राहतात आणि रुग्णवाहिका व जवळच्या रुग्णालयांना कळवले जाते. २०२१ मध्ये मुंबईत केला तसा फेस पसरवण्याचा उपाय आता सर्वत्र वापरत नाहीत. फेस आधीच संपला तर प्रत्यक्ष आग लागल्यावर गाड्यांकडे तो कमी पडू शकतो.

अशा वेळी विमान तासन् तास घिरट्या घालताना दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ हायड्रॉलिक बिघाडानंतर दोन तासांहून अधिक वेळ आकाशात फिरत होते. या जातीच्या विमानाला इंधन हवेत सोडण्याची सोय नसते. वजन कमी करायचे तर ते जाळावेच लागते. सुमारे १४० प्रवासी नंतर सुखरूप उतरले.

प्रवाशाने काय करावे?

कर्मचारी सांगतील त्या पद्धतीने वाकून बसावे आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडू नये. बाहेर पडण्याचा आदेश मिळाला की सामान जागेवरच सोडावे. प्रवासी विमानाला मान्यता देताना, निम्मेच दरवाजे वापरून सर्वांना ९० सेकंदांत बाहेर काढता येते हे सिद्ध करावे लागते. हा हिशेब हातात बॅगा नाहीत असे धरूनच केलेला असतो. विमान कलले असेल तर एखादी घसरगुंडी फार उभी झालेली असू शकते. म्हणून जवळच्या दरवाजाचा आग्रह न धरता कर्मचारी दाखवतील त्याच दरवाजाने बाहेर पडावे.